बापूकुटीत वाढत गेलेल्या खोल्या

वर्ध्याच्या शाळेत शिकलेल्या कुणालाही बापूकुटी वेगळी दाखवावी लागत नाही. सहल ठरलेली. चपला बाहेर, मुलांची रांग, सारवलेल्या जमिनीचा पायाला लागणारा गारवा आणि मग झाडाखाली डबा. पण ही कुटी मुळात गांधींसाठी बांधलेलीच नव्हती. ती मीराबेनची होती.

30 एप्रिल 1936 ला गांधी सेगावात आले. जमनालाल बजाज तिथले मालगुजार, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता वेळेचा. विदर्भात एप्रिल संपताना मातीकाम सुरू करायचं म्हणजे पावसाशी शर्यत, हे इथला कोणताही शेतकरी सांगेल. आधीपासून गावात राहणाऱ्या मीराबेनने, म्हणजे ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या मुलीने, कामावर देखरेख केली. माती, बांबू, लाकूड, कवेलू: सगळं आसपासचं, आणि खर्चावर गांधींचं बारीक लक्ष. हे पहिलं घर म्हणजे आदी निवास. (गावाचं नाव तेव्हा सेगावच. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाची गल्लत व्हायची म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं.)

आदी निवासाचा प्लॅन कागदावर सुंदर आहे: एक मोठी खोली आणि भोवती ओसरी. त्या एका खोलीत गांधी, कस्तुरबा, आश्रमवासी, वरून पाहुणे. माझ्या क्षेत्रात याला आम्ही म्हणू, रिक्वायरमेंट गोळा करताना एका युजरला विचारलंच नाही. इतक्या पुरुषांच्या वावरात कस्तुरबांना कपडे बदलायला, जरा आडवं व्हायला कोपरा नव्हता. पुढे जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी बा-कुटी बांधून दिली. साधेपणाचा इतका अभ्यास झालेल्या माणसाच्या घरातही बायकोची खोली नंतर सुचते, हे मला आदी निवासातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. गाइड मात्र ते एका वाक्यात उरकतात.

गर्दी वाढली तेव्हा गांधी मीराबेनच्या कुटीत राहायला गेले. मग तिथे गरजेप्रमाणे भर पडत गेली. आजाऱ्यासाठी जागा झाली, न्हाणीघर झालं. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आले, तेव्हा त्यांना लांब ठेवण्याऐवजी जवळच वेगळी कुटी बांधली. व्हाइसरॉयला थेट बोलता यावं म्हणून फोनसुद्धा आला. भिंतीवर मीराबेनने मातीतून उठवलेली झाडं आणि चरखा मात्र तसाच राहिला. मातीच्या भिंतीत दार पाडायचं तर गावातला माणूस आणि एक फावडं पुरतं, म्हणूनच हे जमलं. 1978 मध्ये इव्हान इलिच सेवाग्रामच्या परिषदेला आला तेव्हा याच कुटीत बसून राहिला आणि कुटीवरच बोलला.

हे सगळं मी वाचलं ते आमच्या घरामुळे. सेलू तालुक्यातलं आमचं घर पणजोबांच्या काळातलं, 18 इंची मातीच्या भिंतींचं. बाबांना ते पाडून स्लॅब टाकायचा आहे. ठेकेदाराने 18 लाखांचा अंदाज दिलाय. त्यात कर्ज माझ्या नावावर. बाबांचं म्हणणं खोटं नाही. वानरं कवेलू फोडतात, पावसाळ्याआधी ते फेरावे लागतात आणि फेरणारी माणसं आता मिळत नाहीत. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात. शिवाय मातीच्या घराला लोक अजून गरिबाचं घर समजतात. सरकारी व्याख्येतही ते ‘कच्चं’. त्या फॉर्मवर बापूकुटीही कच्चीच भरेल.

पण मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा काकांच्या स्लॅबच्या घरातली सगळी माणसं दुपारी आमच्या माजघरात झोपायला येतात. ही ओळ ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये कुठेच नाही.

लॉरी बेकर या वास्तुविशारदाच्या मनात गांधींचं एक म्हणणं आयुष्यभर राहिलं: घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं. मी नकाशावर आमच्या घराभोवती आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. माती आहे, बांबू आहे, विटांची भट्टी आहे. कवेलू करणारा कुंभार नाही. त्याचा मुलगा पुण्यात गाडी चालवतो.

त्यामुळे माझ्या एक्सेल शीटमध्ये आता दोन टॅब आहेत. दुसऱ्यात माजघर आणि त्याच्या भिंती तशाच, पायाशी पाणी जिरू नये म्हणून भोवती नाली, मागे पक्कं न्हाणीघर आणि संडास, वानरांसाठी पुढच्या पडवीवर पत्रा. सहा लाखांच्या आत बसतं. पण दरवर्षी 15 मेच्या आत आठ दिवस कवेलू आणि पोतारणं, याचा रकाना कायमचा. तिथे कोणाचं नाव लिहायचं, यावर बाबा आणि मी अजून भांडतोय.

आजीला दोन्ही टॅब मोबाइलवर दाखवले. तिने स्क्रीन दूर धरून पाहिली आणि एवढंच विचारलं, “मले चुलीपासून फाटक दिसन का?”

दोन्ही प्लॅनमध्ये दिसत नव्हतं. तिसरा टॅब उघडलाय.