तलासरीची हद्द, पायी पायी

इंग्लंडात हेड्रियन या रोमन सम्राटाने इ.स. १२२ मध्ये बांधायला घेतलेली भिंत आहे. तिच्या कडेची १३५ किलोमीटरची पायवाट २००३ साली लोकांसाठी खुली झाली. तिथे हद्द डोळ्यांना दिसते. आमच्या तलासरीत ना भिंत, ना तशी वाट. तरी गेल्या हिवाळ्यात मी झाईच्या किनाऱ्यापासून अच्छाडपर्यंत गुजरातची हद्द धरून तुकड्यातुकड्याने चाललो. सत्तरीनंतर एका दमात होत नाही हो!

ही हद्द तशी अलीकडची. १ मे १९६० पूर्वी हा सगळा ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव तालुका होता. मुंबई राज्याची वाटणी झाली तेव्हा त्यातली ४७ गावं आणि ३ शहरं गुजरातेत गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली आणि १९६१ मध्ये त्यांचा तलासरी महाल केला. म्हणजे आमचा तालुका हा वाटणीत उरलेला तुकडा! हद्द ठरली ती कायद्याला जोडलेल्या गावांच्या यादीने. त्यामुळे चालताना "हे गाव कुठल्या राज्यात?" असं विचारतच जावं लागतं.

उधव्याकडची हद्द मात्र जुनी. मराठ्यांनी १७८३ मध्ये नगर हवेली पोर्तुगीजांना दिली, ती १९५४ मध्ये मुक्त झाली. त्या लढ्यात गायक सुधीर फडकेही होते.

या साऱ्या रेघांच्या दोन्ही बाजूंना वारली माणूस आहे. १९४५ मध्ये झरी गावी गोदूताई परुळेकरांच्या सभेला हजारो वारली जमले आणि वेठबिगारी करायची नाही असं ठरवून उठले. तेव्हा तालुका एकच होता. पुढे पंधरा वर्षांनी त्यांच्यातले काही गुजराती झाले, काही महाराष्ट्रीय. विचारलं कुणी नाही.

माझ्या वर्गातल्या मुलांची मावसभावंडं पलीकडे गुजराती शाळेत जात. सुट्टीत एका अंगणात एकाच बोलीत खेळायची, पण एकमेकांचं पुस्तक वाचता येत नसे. गुजराती लिपीला डोक्यावरची रेघ नसते, काही अक्षरं वेगळी, बाकीची बरीचशी ओळखीची. मी फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहून देई. पोरं चार दिवसांत पाट्या वाचू लागत.

हद्द पुसा असं माझं म्हणणं नाही. कारभाराला ती लागते. पण दोन्हीकडच्या सीमेवरच्या शाळांनी शेजारची मुळाक्षरं आठवडाभर शिकवली, तर मावशीचं पत्र वाचायला तिसरा माणूस लागणार नाही. तुम्हाला काय वाटतं?