भोर घाट आणि दूरस्थ देखरेखीची तत्त्वे : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
दूरवरच्या यंत्रांवर एका ठिकाणाहून लक्ष ठेवणे, वाहतुकीची आकडेवारी जमविणे आणि ठरलेली मर्यादा ओलांडली जाताच इशारा देणे, ही कार्यपद्धती संगणक-जाळ्यांसाठी १९९१ मध्ये ‘आरमॉन’ या मानकाने मांडली. तथापि तिच्या मुळाशी असलेले प्रश्न त्याहून फार जुने आहेत. मावळातील लोणावळा-खंडाळ्याहून कर्जतकडे उतरणारा भोर घाट हे त्याचे बोलके उदाहरण होय.

घाटातील रेल्वे :
ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि काही भागांत ३७ फुटांस १ फूट असा तीव्र उतार, ही त्याची मुख्य अडचण होती. गाडीची दिशा बदलण्यासाठी वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होते. १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी न आवरता या स्थानकाच्या पलीकडे गेली व भीषण अपघात घडला. १९२९ मध्ये नव्या मार्गामुळे हे स्थानक वगळले गेले. उताराचा धोका मात्र कायम राहिला.

या धोक्यावरील उपाय म्हणजे ‘कॅच सायडिंग’. येथील सांधा एरवी चढणीच्या बाजूमार्गाकडे वळविलेला असतो. गाडी थांबून ब्रेक ताब्यात असल्याची खात्री पटली तरच मुख्य मार्ग मिळतो. बेफाम गाडी आपोआप चढणीवर जाऊन मंदावते. त्यासाठी त्या क्षणी दूरच्या कोणाच्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

आरमॉनमधील साम्य :
आरमॉनमध्येही हेच तत्त्व आढळते. जाळ्याच्या प्रत्येक भागात बसविलेला निरीक्षक घटक स्वतःच मोजदाद करतो आणि मध्यवर्ती केंद्राशी संपर्क तुटला तरी नोंदी ठेवीत राहतो. इशाऱ्यासाठी वरची व खालची अशा दोन मर्यादा असतात. आकडा वरच्या मर्यादेपलीकडे गेला की एकदा इशारा दिला जातो. तो खालच्या मर्यादेपर्यंत उतरल्याशिवाय वरचा इशारा पुन्हा दिला जात नाही. त्यामुळे आकडा मर्यादेभोवती घुटमळला तरी इशाऱ्यांचा भडिमार होत नाही. २००० मध्ये हे मानक सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झाले.

द्रुतगती मार्ग व मर्यादा :
२००२ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कॅमेऱ्यांवर आधारित स्वयंचलित वाहतूक व्यवस्थापन सुरू झाले. वेगमर्यादा मोडणारे वाहन त्यात तत्काळ टिपले जाते. परंतु याच मार्गावर आडोशी बोगद्याजवळ जुलै २०१५ मध्ये दरड कोसळली होती. अशा दरडीची पूर्वसूचना वेग मोजणारे यंत्र देऊ शकत नाही. कारण जे मोजण्यासाठी यंत्र योजलेले नाही, त्याचा इशाराही त्याच्याकडून मिळत नाही. म्हणूनच घाटातील रेल्वेमार्गावर पावसाळ्यात गस्त घालणाऱ्या कामगारांचे महत्त्व आजही टिकून आहे.

निष्कर्ष :
दूरस्थ देखरेखीची विश्वसनीयता केंद्रातील पडद्यांच्या संख्येवर अवलंबून नसते. संपर्क तुटल्यावरही प्रत्यक्ष जागेवर काय कार्यरत राहते आणि काय मोजावयाचे हे कोणत्या विचाराने ठरविले आहे, यांवर ती अवलंबून असते, असे भोर घाटाच्या इतिहासावरून दिसून येते. जागेवरील माणूस कमी करून केवळ यंत्रणा वाढविण्याचा निर्णय घेताना हा अनुभव विचारात घेणे आवश्यक ठरते.