गरोदरपणात कावीळ किंवा अंगाला खाज? अंगावर काढू नका, बाळालाही धोका

पावसाळ्यात पिण्याचं पाणी गढूळ झालं की गावोगावी कावीळीचे पेशंट दिसू लागतात. बहुतेकांची कावीळ आराम आणि पथ्यावर बरी होते. गरोदर बाईचं मात्र तसं नाही. तिचं यकृत म्हणजेच लिव्हर बिघडलं, तर आई आणि पोटातलं बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं.

दूषित पाण्याची कावीळ
हिपॅटायटिस ई हा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरातल्या २० ते २५ माता दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भपात, दिवस भरण्याआधी बाळंतपण, बाळ पोटातच जाणं हे धोकेही असतात. त्यामुळे गरोदर बाईला पाणी उकळून, गार करूनच द्यावं.

पुरळ नाही, तरी खाज
सहा-सात महिन्यांनंतर तळहात-तळपायाला खाज सुटते, रात्री ती वाढते आणि अंगावर पुरळ मात्र नसतं. ‘उष्णता झाली’ म्हणून घरात ती सोडून दिली जाते. पण यकृतातलं पित्त नीट पुढे न सरकल्यानेही अशी खाज येते. आईला यात फारसा धोका नसतो. रक्तातलं पित्ताम्ल खूप वाढलं, तर बाळ पोटात दगावण्याची भीती असते. रक्त तपासून डॉक्टर गोळ्या देतात, गरज पडल्यास बाळंतपण थोडं आधी करतात. बाळंतपणानंतर खाज थांबते, पण पुढच्या खेपेला पुन्हा होऊ शकते.

पित्त समजून फसू नका
बरगडीखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, उलट्या, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं ॲसिडिटीची समजू नयेत. बीपी वाढून यकृतावर ताण आल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी उशीर जिवावर बेततो.

हिपॅटायटिस बी
आईला काहीच त्रास नसला, तरी हा विषाणू बाळंतपणात बाळाला लागू शकतो. जन्मतःच लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा राहतो. म्हणून गरोदरपणात रक्ततपासणी हवीच. आईला लागण असेल, तर जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं.

काय करावं?
डोळे किंवा लघवी पिवळी दिसली, खाज थांबेना, गुंगी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कावीळ उतरवून घेण्यात किंवा गावठी औषधात दिवस घालवू नयेत. काही झाडपाल्याच्या औषधांनी यकृत आणखी बिघडतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. तातडीच्या वेळी १०८ किंवा १०२ वर फोन करून गाडी बोलवावी. आशाताईंनाही लगेच कळवावं.