डेरियनचा अर्ज

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटिकला लागून मॅकिंटॉश नावाचा जिल्हा आहे. आल्टामाहा नदीचे मुख, खारी दलदल आणि पलीकडे सापेलो बेट. त्याच्या इतिहासात एका अर्जापाशी मी नेहमी थबकतो. १७३६ साली स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांनी येथे डेरियन वसवले. वसाहतीत गुलाम आणण्यास बंदी होती. ती उठवू नये, असे १७३९ मध्ये त्यांच्यापैकी अठरा जणांनी लिहून दिले. कारणे बहुतेक व्यवहाराची. गुलाम शेजारच्या स्पॅनिश मुलखात पळतील, ही धास्ती मोठी. पण माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दास्यात ठेवणे अमानुष आहे, हेही त्यांनी लिहिले. १७५१ मध्ये बंदी उठली. सही करणाऱ्या जॉन मॅकिंटॉशचा मुलगा लॅक्लन त्याच नदीकाठी गुलाम राबवून भात पिकवू लागला, आणि जिल्ह्याला नाव मिळाले ते याच घराण्याचे! धर्मबुद्धी आणि व्यवहार एका वाटेने चालतात तोवरच न्याय सोपा असतो, असे मला वाटते. गुलामांचे काही वंशज सापेलोवरच्या हॉग हॅमॉक वस्तीत अजून टिकून आहेत. हॅरिस नेक येथील कृष्णवर्णीयांच्या जमिनी मात्र १९४२ साली सरकारने विमानतळासाठी घेतल्या. युद्ध संपले, तरी त्या परत मिळाल्या नाहीत. १९६२ मध्ये तेथे पक्ष्यांचे अभयारण्य झाले.