विरणारा स्वर, तुटणारा स्वर

बंगळूरच्या एखाद्या घरात आज दिवाणखान्याच्या भिंतीवर मोठा पडदा असतो, पाच-सहा ध्वनिक्षेपक असतात आणि चित्रपट ऐन रंगात आला असता आवाज दोन सेकंद नाहीसा होतो. चित्र चालूच राहते. मग कोणी तारा हलवतो, कोणी पेटीवर थाप मारतो. ही थाप मात्र नवी नव्हे. तिचा इतिहास नभोवाणीइतकाच जुना आहे.

म्हैसूरच्या महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 10 सप्टेंबर 1935 रोजी आपल्या घरातून ध्वनिक्षेपण सुरू केले. प्रक्षेपक अवघ्या 30 वॅटचा, म्हणजे एका मंद दिव्याच्या शक्तीचा. या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीला मिळाले. बंगळूरला मात्र स्वतःचे केंद्र मिळाले ते 2 नोव्हेंबर 1955 रोजी. तोवर त्या शहरातील श्रोत्याची भिस्त दूरच्या केंद्रांवर असे. शहाजीराजांच्या काळापासून या शहराशी मराठी माणसांचा संबंध आहे. तेथील मराठी कुटुंबाला मायबोली ऐकावयाची तर मुंबई गाठणे भाग होते, आणि मुंबई सुमारे 850 किलोमीटर दूर. दिवसा मध्यम लहरी इतक्या लांब पोहोचत नाहीत. मुंबईहून 1938 साली सुरू झालेल्या लघुलहरी पोहोचत, पण त्या लहरी मोठ्या लहरी स्वभावाच्या! गाणे रंगात यावे आणि स्वर हळूहळू विरत जावा, क्षणभराने आपोआप परत यावा, असे वारंवार घडे.

दोष रेडिओचा नव्हता. लघुलहरी जमिनीला धरून फार दूर जात नाहीत. त्या वर जातात आणि आयनांबर नावाच्या विद्युद्भारित थरांवरून खाली वळतात. अशा थराचे अनुमान 1902 साली केनेली आणि हेव्हिसाइड यांनी केले होते. इंग्लंडात ॲपल्टन यांनी 1924 साली त्याचा प्रत्यक्ष पुरावा दिला. हा थर आरशासारखा निश्चल नसतो. एकच लहर दोन वाटांनी येते. वाटांची लांबी क्षणोक्षणी बदलते. दोन्ही लहरी एकमेकींना साथ देतात तेव्हा आवाज चढतो, एकमेकींना छेदतात तेव्हा विरतो. अभियंत्यांनी यावर शोधलेला उपाय मोठा सरळ होता. थोड्या अंतरावर निरनिराळ्या आकाशतारा उभारायच्या आणि ज्या तारेवर त्या क्षणी आवाज जोरकस असेल ती निवडायची. एका ठिकाणी स्वर विरतो त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी तो बहुधा विरलेला नसतो. घरगुती श्रोत्याला अर्थातच ही चैन परवडणारी नव्हती.

याहून गूढ प्रकार होता तो भर दिवसा लघुलहरी एकाएकी पूर्ण नाहीशा होण्याचा. काही मिनिटे, कधी तासभरही, सगळी दूरची केंद्रे मुकी होत. जर्मनीतील मोगेल यांनी 1930 साली हे नोंदविले होते, पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1935 साली अमेरिकेतील डेलिंजर यांनी अशा घटनांची टिपणे एकत्र केली. त्यांना दिसले की, हा प्रकार पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूलाच होतो. रात्रीच्या बाजूला त्याचा मागमूस नसतो. म्हणजे दोष ना प्रक्षेपकात, ना रेडिओत, तो सूर्यात! सूर्यावर ज्वाला उसळली की तिचे क्ष-किरण सुमारे 8 मिनिटांत येथे येतात, आयनांबराचा सर्वांत खालचा थर दाट करतात, आणि तो थर लघुलहरी गिळून टाकतो. या घटना 54 दिवसांच्या अंतराने येतात असेही डेलिंजर यांना वाटले होते. ते पुढे टिकले नाही. पण उजेड-अंधाराची खूण टिकली, आणि खरे निदान तिनेच केले. अशा ज्वाला न्याहाळणाऱ्या वेधशाळांत कोडाईकनालची वेधशाळाही आहे. 1899 साली स्थापन झालेली ही वेधशाळा ज्या खगोलभौतिकी संस्थेची, तिचे मुख्यालय आज बंगळुरातच आहे.

आजच्या दिवाणखान्यातील आवाज विरत नाही, तो तुटतो. तो अंकांच्या रूपाने येतो, चित्रपटाच्या बाबतीत बहुधा सेकंदाला 48,000 नमुने. काही अंक गहाळ झाले तर उरलेल्यांवरून ते पुन्हा जुळविण्याची युक्ती रीड आणि सॉलोमन यांनी 1960 साली मांडली, आणि 1982 साली बाजारात आलेल्या ध्वनितबकड्यांत ती वापरली गेली. त्यामुळे थोडा बिघाड कानाला कळतच नाही. पण मर्यादा ओलांडली की यंत्र कर्कश खरखर ऐकविण्यापेक्षा गप्प राहणे पसंत करते. जुना रेडिओ हळूहळू कुरकुरून आजार सांगे. हे यंत्र शेवटच्या क्षणापर्यंत धडधाकट दिसते.

म्हणून येथेही डेलिंजर यांचाच प्रश्न विचारावा लागतो: आवाज कोठे जातो आणि कोठे जात नाही? सर्व ध्वनिक्षेपक एकदम गप्प झाले तर संशय तारेवर, किंवा ध्वनीचा प्रकार बदलताना यंत्राला तो नव्याने ओळखावा लागतो त्या क्षणावर. बिनतारी ध्वनिक्षेपक तेवढेच गप्प झाले तर संशय हवेवर. कारण त्यांतील पुष्कळसे ज्या 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात त्याच पट्ट्यात स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी चालते. आवाज तुटतो त्या वेळी भट्टीत काही गरम होत होते काय, एवढे पाहून ठेवावे.