एरिस : प्लूटोचे ग्रहपद घालवणारा बटुग्रह

एरिस हा नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे सूर्याभोवती फिरणारा बटुग्रह होय. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेने ऑक्टोबर २००३ मध्ये टिपलेल्या छायाचित्रांत तो होता; परंतु संथ गतीमुळे संगणकाच्या नजरेतून निसटला. माइक ब्राउन, चॅड ट्रुहियो व डेव्हिड रॅबिनोविट्झ यांना तो जानेवारी २००५ मधील फेरतपासणीत सापडला. तो प्लूटोहून मोठा भासल्याने ‘ग्रह कोणास म्हणावे?’ हा वाद पेटला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे निर्णय दिला : गोलाकार असूनही ज्याने आपली कक्षा इतर पिंडांपासून मोकळी केलेली नाही, तो बटुग्रह. प्लूटोचे ग्रहपद गेले. ग्रह आठच उरले. एरिसला नाव मिळाले ते ग्रीक कलहदेवतेचे. पुढील मोजमापांत प्लूटोच (व्यास सुमारे २,३७७ किमी) एरिसहून (सुमारे २,३२६ किमी) किंचित मोठा ठरला. वस्तुमान मात्र एरिसचेच अधिक आहे.