‘बाय’ कीं ‘विथ’?

‘रामानें बाणानें रावण मारिला’ या वाक्यांत ‘नें’ हा प्रत्यय दोनदां येतो. राम मारणारा, बाण मारण्याचें साधन. तृतीया मात्र दोघांनाहि एकच. मराठी मुलास यांत कांहींच अडचण भासत नाहीं. हेंच वाक्य इंग्रजींत कर्मणि प्रयोगानें लिहावयास सांगितलें, कीं त्याची लेखणी थबकते. रामापूर्वीं ‘बाय’ हवें, बाणापूर्वीं ‘विथ’. उलटापालट झाली, कीं वहीवर तांबडी रेघ!

ही अडचण शंभर वर्षांहून जुनी आहे. १८३५ सालीं सरकारनें इंग्रजी शिक्षणाचा पुरस्कार केला. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. इंग्रजी हें परीक्षेचें व नोकरीचें महाद्वार बनलें. पुढें तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घरोघर पोंचल्या आणि मराठी प्रत्ययास इंग्रजी शब्द शोधण्याची संवय मुलांस लागली. परंतु एका प्रत्ययास एक शब्द, असा हिशेब जमेना.

तो कां जमला नाहीं, हें इंग्रजीचा इतिहास सांगतो. प्राचीन इंग्रजींतहि विभक्तिप्रत्यय होते. कालांतरानें ते झिजले, आणि १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत त्यांचें बहुतेक काम शब्दांपूर्वीं येणाऱ्या अव्ययांवर पडलें. या अव्ययांनीं आपले अर्थहि बदलले. ‘विथ’चा जुना अर्थ ‘विरुद्ध’ असा होता. ‘विथस्टँड’ या क्रियापदांत तो अजून जिवंत आहे. ‘सह’ या अर्थीं ‘मिड’ हा शब्द होता. ‘विथ’नें त्याची जागा बळकाविली, ‘मिडवाइफ’ या शब्दांत तेवढी त्याची खूण उरली. ‘बाय’ म्हणजे मूळचें ‘जवळ’. १६११ च्या इंग्रजी बायबलांत कर्मणि प्रयोगाचा कर्ता पुष्कळ ठिकाणीं ‘ऑव्ह’नें दाखविलेला आढळतो. आज कोणा विद्यार्थ्यानें तसें लिहिलें, तर त्याचे गुण कापले जातील.

तात्पर्य, हे नियम तर्कानें एका दिवसांत घडले नाहींत. रूढीनें हळूहळू ठरले. त्यांत चुकणारा मुलगा मंदबुद्धि ठरत नाहीं. उलट, निवडीची किल्ली त्याच्या घरींच आहे. पाणिनीनें कर्ता व करण यांस एकच तृतीया सांगितली, तरी दोन्ही कारकें निराळीं ठेविलीं. शिक्षकानें रेघ ओढण्यापूर्वीं ‘हा करणारा कीं साधन?’ एवढेंच विचारावें. या दोन शब्दांपुरता तरी घोटाळा बहुधा तेथेंच मिटेल. बाकीचे शब्द वाचनाच्या संवयीनें अंगवळणीं पडतील.